मोटारीवरचं ओलं पोतं

जानेवारी लागला की मी दोन्ही हात खिशात घालून फिरतो. लोकांना वाटतं, म्हातारा गारठलाय. परभणीची थंडी काही कमी नाही, पहाटे नळाखाली हात धरला तर बोटं आपली राहत नाहीत. पण माझ्या हातांचं कारण वेगळं आहे. मी भित्रा माणूस आहे. हे मी कुणापासून लपवत नाही, लपवून लपतही नाही. बायको म्हणते, दाराची कडी वाऱ्यानं वाजली तरी तुम्ही आधी खिडकीतून बघता. खरं आहे. बघतो.

गहू ओंबीत येण्याचे हे दिवस. सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं चालताना धुक्यातून विहिरींवरच्या मोटारींचा आवाज येतो. मन लावून चालणारी मोटार मला लांबूनच ओळखू येते, आणि कण्हत चालणारीही. ज्वारीच्या रानात कुठंतरी हुरड्याची आगटी पेटलेली असते, धूर रस्त्यावर येतो आणि माझे पाय थांबतात. आधी नाक तपासून बघतं: गोवरी जळतेय, पाचट जळतंय, की आणखी काही. गोवरीच आहे हे पक्कं झालं की मी पुढं निघतो. सोबत चालणारे गुरुजी विचारतात, काय हो, दम लागला का? मी हो म्हणतो.

यंदा हा हंगाम माझ्या मुलीसोबत दारात आला. सुजाता पुण्याला विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिचं काम एकच, गाडीची मोटार तापू द्यायची नाही. त्यांनी एक मालवाहू तीनचाकी काढली आहे आणि ती आमच्याकडची धूळ, खड्डे आणि काळी माती खाऊन कशी चालते ते बघायला सुजाता गाडी घेऊन परभणीत आली. रोज झरी गावाच्या रस्त्यावर पोती भरून फेऱ्या. पुण्याला शहाण्यासारखी वागलेली मोटार इथं तिसऱ्या फेरीला तापायची. संध्याकाळी सुजाता माझ्या वाइंडिंगच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसायची. पडद्यावर एक लाल रेघ वर वर चढत जायची आणि ही पेनाचं टोपण चावायची. शेजारी स्टुलावर बसून मी एखाद्या मोटारीत तांब्याची तार भरत असायचो.

"बाबा, तुमच्या काळात मोटार किती तापली ते कशानं मोजायचे?" एकदा तिनं विचारलं.

मी तिला उलटा हात दाखवला.

मोटारीला तळहात कधी लावायचा नाही. तिच्या अंगात करंट उतरला असेल तर बोटं आपोआप मिटतात आणि मोटार माणसाला सोडत नाही. हाताची उलटी बाजू लावली तर झटका बसताच हात मागं येतो. तर उलटा हात ठेवायचा आणि मनात आकडे मोजायचे. दहापर्यंत ठेवता आला तर मोटार ठीक. पाचालाच उचलावा लागला तर बंद करायची. आणि लावता लावताच उचलला तर मोटार माझ्या दुकानात येणार हे नक्की. सुजाता हसली. म्हणाली, आमच्या मोटारीत चार सेन्सर आहेत. मी म्हटलं, असू दे, मला बोटं पाच आहेत. पण ती लॅपटॉपकडं वळल्यावर माझं लक्ष हाताकडंच राहिलं. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला हाच हात मी एका मोटारीवर सबंध दुपार ठेवला होता. तेव्हा सुजाता आईच्या पोटात होती.

तेव्हा माझं दुकान परभणीत नव्हतं. झरीच्या पुढं आडवाटेला आमचं गाव, आणि गावाच्या फाट्यावर माझं पत्र्याचं दुकान. परभणीच्या आयटीआयमधून शिकून आलो होतो. पंचक्रोशीत मोटार भरणारा मी एकटा, त्यामुळं एरवी माझ्या वस्तीकडं न फिरकणारी माणसंही गाडीत मोटार घालून माझ्याकडं यायची. दुकानाबाहेर उभी राहून बोलायची, पण यायची. जळालेली मोटार उघडली की ती सगळं सांगते. तीनपैकी एक फेज गेला असेल तर काही कॉइल काळ्या पडतात आणि काही जशाच्या तशा राहतात. सगळ्याच सारख्या भाजल्या असतील तर मोटारीला उष्मा झाला. जळक्या व्हार्निशचा वास दोन दिवस अंगावरून जात नाही. बायको पहिल्या वर्षी नाक मुरडायची, पुढं तीही सरावली. मी मात्र कधी सरावलो नाही.

त्याला कारण होतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. विद्यापीठाच्या नावाचं ठरलं अशी बातमी आली आणि दोन-चार दिवसांत सगळीकडं आमच्या वस्त्या पेटल्या. आईनं मला ओढ्याच्या खळग्यात दाबून धरलं होतं. तिचा हात माझ्या तोंडावर होता. श्वास घ्यायला जागा नव्हती आणि हात काढ म्हणायची सोय नव्हती. भर दुपारी पाऊस भुरभुरत होता. ओलं छप्पर जळतं तेव्हा जाळ थोडा आणि धूर फार होतो. परत आलो तेव्हा वस्तीतली तीन घरं बसली होती, त्यातलं एक आमचं. माझे वडील, आबा, काठीनं राख उकरून विळा शोधत राहिले. विळा सापडला, मूठ जळाली होती. आबांनी पुढं तोच विळा नवी मूठ बसवून अनेक वर्षं वापरला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सगळ्यांना ठाऊक होतं की आता विद्यापीठाच्या नावाचं काहीतरी होणार. फाट्यावर पोलिसांची गाडी येऊन जायची. गावातली माणसं आमच्याशी जरा जास्तच नीट वागत होती आणि मला त्याचीच भीती वाटायची. एरवी ज्यांनी मान हलवली नसती ते विचारायचे, काय अशोक, बरं हाय का? मी घरी येऊन त्या 'बरं हाय का'चा कीस पाडत बसायचो. दुकानात निळ्या कोटातली तसबीर होती. ती मी काढून व्हार्निशच्या डब्यांमागं ठेवली. काच बदलायचीय, असं बायकोला सांगितलं. काच शाबूत होती. त्या दिवशी बायकोनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः पाठ करून बसली.

आणि नेमक्या त्याच हंगामात दत्तरावांची मोटार माझ्या गळ्यात पडली.

दत्तराव म्हणजे आमच्या गावातले मोठे बागायतदार. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांच्याकडं वीस एकर गहू होता आणि त्या सगळ्या गव्हाला एक विहीर आणि एकच मोटार. डिसेंबरात ती जुनी होऊन जळाली. मी भरून दिली आणि स्वतः जाऊन विहिरीवर बसवली. दत्तरावांची आई तिथंच होती. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. शेतावर तिचाच वचक, मुलाचाही नंबर तिच्यानंतर. मोटार चालू करून मी पाना पिशवीत टाकला आणि म्हणालो, "आता मोटार थंड ठेवा."

एवढंच म्हणालो. मला सांगायचं होतं की हिच्यावर सावली करा, पण हिचं अंग मोकळं ठेवा. लाइट मंद असेल तेव्हा पळवू नका. मागच्या पंख्याच्या जाळीत काडीकचरा अडकला तर काढा, कारण तिथूनच ही हवा घेते आणि अंगावरच्या फासळ्यांवरून फिरवते. हे सांगायला चार-पाच वाक्यं लागली असती. पण त्यांच्या बांधावर मला चार वाक्यं बोलायची सवय नव्हती. काम झालं की निघायचं, अशी रीत. लिंबाच्या बेचक्यात आमच्यासाठी ठेवलेला कप होता. त्यात चहा प्यालो, कप विसळून पुन्हा बेचक्यात ठेवला आणि निघालो.

आठ दिवस झाले नाहीत तोच मोटार बैलगाडीतून परत आली. मागं फटफटीवर दत्तराव.

"अशोक, आठ दिस बी टिकली न्हाई."

"बघतो, दत्तराव."

"वाइंडिंग कच्ची भरलीस का?"

"न्हाई हो. तुमच्या मोटारीला कशाला कच्ची भरीन?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "गहू फुलोऱ्यात हाय," एवढं बोलून त्यांनी फटफटीला किक मारली.

मोटार उघडली. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या, एकही सुटली नव्हती. बेअरिंग हातानं फिरवलं, मोकळं होतं. म्हणजे मोटार नुसती तापून जळाली होती. अशी का तापली, ते विहिरीवर जाऊन बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. कुठल्याही कारागिराला हे कळलं असतं, मलाही कळलं. पण विहिरीकडं जायची वाट पारावरून होती. आदल्याच दिवशी पारावर बसलेल्यांपैकी एक जण हसत हसत म्हणाला होता, "आता मोटारी बी जाळायलेत हे." बाकीचेही हसले होते. चेष्टाच होती. पण त्या चेष्टेनं माझ्या तोंडचं पाणी पळालं. दत्तरावांची मोटार पुन्हा जळाली, गहू वाळला, तर ही चेष्टा राहणार नाही. आणि मग एकट्या माझ्यावर थांबणार नाही. वस्तीत बारा घरं होती, माझ्या घरात सात महिन्यांची गर्भार बायको होती.

मी मोटार नव्यानं भरली, एरवीपेक्षा दीडपट जीव लावून. कॉइलवर व्हार्निश दोनदा चढवलं, दोन दिवस उन्हात वाळवलं. आणि त्यांच्या गाडीवानाच्या स्वाधीन केली. बसवायला गेलो नाही. "बायकोला बरं न्हाई," म्हणालो. वर निरोप दिला, "दत्तरावाला आन आक्काला सांग, मोटार थंड ठेवा मनावं. काई झालं तरी थंड ठेवा."

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर बातमी लागली की विद्यापीठाला नाव दिलं. वस्तीत कुणीतरी गुलाल आणला होता, पण कुणी उधळला नाही. पुडी तशीच कट्ट्यावर राहिली. माणसं एकमेकांकडं बघून हसत होती आणि हसता हसता रस्त्याकडं बघत होती. आनंद झाला नव्हता असं कसं म्हणू? छातीत मावत नव्हता. पण त्या आनंदाला बसायला जागा नव्हती, सगळी जागा भीतीनं घेतली होती. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. आमच्या गल्लीत फटफटी येत नसे.

दत्तराव गल्लीच्या तोंडाशी थांबले. उतरले नाहीत.

"मोटार तापायलीय. चल."

"आत्ता?"

"मग कवा? जळाल्यावर?"

मी आबांकडं बघितलं. त्यांनी मला घरात ओढलं. "जाऊ नकोस पोरा," ते कुजबुजले. "आज न्हाई. आज कुटंच जायचं न्हाई." मग दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आन न्हाई गेलास तर मनतील, जाळली मनून आला न्हाई."  बायको चुलीपाशी बसली होती. तिनं उठून माझी पान्यांची पिशवी हातात दिली. तिचं बोट क्षणभर पिशवीच्या बंदात अडकून राहिलं.

दत्तरावांच्या मागं बसलो. धरायला काही नव्हतं, त्यांना धरायची माझी छाती नव्हती. सीटखालची लोखंडी पट्टी धरली. पारावरून गेलो तेव्हा बोलणी थांबली. एकानं विचारलं, "कुटं नेऊलालाव दत्तराव याला?" दत्तराव म्हणाले, "मळ्यात." एवढंच. पुढची वाट पाऊण कोसाची असेल. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसापेक्षा उंच होती आणि मी सबंध वाटभर एकच मोजत होतो की कुठल्या बांधाच्या धुऱ्यावरून पळता येईल. एकही सापडला नाही. मोटारीचा आवाज मात्र लांबून कानावर आला. कण्हत होती.

मळ्यात लिंबाखाली दत्तरावांचे तीन भाऊबंद ऊस खात बसले होते. पलीकडं विहिरीच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर मोटार. पण मोटार दिसतच नव्हती. तिला खांद्यापासून शेपटीपर्यंत पोतं गुंडाळलं होतं, सुतळीनं चार ठिकाणी आवळलं होतं, पंख्याची जाळीसुद्धा आत. पोत्यावर हळदीकुंकू लावलं होतं. पोत्यातून वाफ निघत होती. आणि आक्का हातात तांब्या घेऊन त्या चालू मोटारीवर पाणी ओतत होती. दुसरा हात तिनं मोटारीला टेकवायला पुढं केला होता. तळहात.

"आक्का! हात लावू नका!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. त्या मळ्यात माझ्यासारख्यानं आक्कावर ओरडायचं, तेही त्या दिवशी. भाऊबंद उठून उभे राहिले. मी धावत जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटार कण्हत कण्हत थांबली आणि अशी शांतता झाली की पाटातलं पाणी ओसरताना ऐकू आलं.  मी ओट्याला धरून उभा राहिलो.

"वरडतुस काहून रं?" आक्का म्हणाली. तिला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "तूच सांगितलास ना, थंड ठेवा मनून? रोज सकाळी भिजवून बांधायलेय. रांजणाला बांधतो तसं. दर घंट्याला तांब्या तांब्या पानी बी घालायलेय. तू निरोप धाडलास तवापसून दुसरं पोतं बी लावलं."

मी सुतळी सोडली. वरच्या पोत्याखाली आणखी एक पोतं होतं, आणि ते कोरडं ठक्क. आतलं पाणी मोटारीच्या उष्म्यानं केव्हाच उडून गेलं होतं. रांजणाला ओलं पोतं गुंडाळलं की वारा लागून पाणी गार होतं, हे आक्काला ठाऊक होतं, आणि ते खरंच आहे. पण रांजण श्वास घेत नाही. मोटार घेते. तिची हवा मागच्या जाळीतून आत येते. जाळी बंद झाली आणि अंगावर दोन दोन पोत्यांची गोधडी पडली. जितकी काळजी घेतली तितकी ती तापत गेली. आक्कानं वीस एकर गव्हासाठी जीव टाकला होता, माझ्या एका वाक्यावर भरोसा ठेवून.

हे मी तिथं कसं सांगू? चूक आक्काची म्हणावं तर चार माणसांसमोर त्यांच्या आईला बोल लावला असं होणार. माझी म्हणावं तर पारावरची चेष्टा मी स्वतःच खरी केली असं होणार. दत्तराव माझ्याकडं बघत होते, भाऊबंद दत्तरावांकडं. मला ओढ्यातला आईचा हात आठवला, तोंडावरचा.

"आक्का," मी म्हणालो, "हिचं तोंड मागं हाय. पोत्यानं तिचं तोंड दाबलं."

आक्का जाळीकडं बघत राहिली. मग हातातला तांब्या तिनं खाली ठेवला. "मंजी मीच जाळली की रं पोरा," ती म्हणाली. "मागल्या बारीला बी मीच."

ऊस खाणाऱ्यांची तोंडं थांबली. दत्तरावांनी घसा खाकरला. "आक्का, तू घरला जा. येळ झालाय," ते म्हणाले. उन्हं अजून डोक्यावर होती.

मी फासळ्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, जाळीतले पोत्याचे धागे चिमटीनं काढले, तारांचा डबा उघडून उन्हात वाळवला. मोटार निवायला घंटाभर तरी लागला असेल.  मग मी हिरवं बटण दाबलं आणि उलटा हात तिच्या पाठीवर ठेवला. एक, दोन, तीन. आतून जळाल्याचा वास येतोय का, म्हणून नाक जवळ नेलं. चार, पाच. हिची वाइंडिंग दोन आठवडे भाजत होती, आत कुठं तडकली असेल तर आता जाईल, आणि आता गेली तर मी इथून परत जाणार नाही. सहा, सात. आठाला हात उचलला. पुन्हा ठेवला. सूर्य लिंबाच्या खाली उतरला तेव्हा कुठं मला दहा म्हणता आलं. दत्तराव समोर दगडावर बसून होते. त्यांनी विचारलं, "टिकंल?" मी म्हणालो, "तोंड मोकळं ठेवलं तर टिकंल." पाणी शेवटच्या वाफ्यात शिरलं आणि माझ्या जिवात जीव आला. पण सगळा नाही.

आक्का घरी गेली नव्हती. लिंबामागं बसून होती. निघताना तिनं माझ्या ओंजळीत वरून तिळगूळ टाकला. नेहमीचे शब्द मात्र बोलली नाही.

अंधार पडायच्या आत दत्तरावांनी मला वस्तीच्या तोंडाशी आणून सोडलं. मी उतरलो. फटफटी चालूच होती.

"अशोक, पोत्याचं कुटं बोलू नको," ते म्हणाले. "आक्काचं नाव निघंल."

"न्हाई, दत्तराव."

दोन दिवसांनी मी पिठाच्या गिरणीवर गेलो. तिथं दोघं बोलत होते, मला पाहूनही थांबले नाहीत. "त्यानं दोन्दा मोटार जाळली. मग दत्तरावनं संक्रांतीला उचलून नेला, म्होरं बसून करून घेतली. आता बघ, कशी चालायलीय." मी ऐकलं. माझा नंबर आला, दळण झालं, डबा डोक्यावर घेतला आणि घरी आलो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढंही बोलायची हिंमत झाली नाही.

खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. कुणी आलं नाही, काही जळालं नाही. गहू चांगला झाला. ती मोटार पुढं अनेक वर्षं चालली म्हणतात. पण त्या उन्हाळ्यात गावात कुणाची कडब्याची गंजी रचली गेली की मी ती वाट सोडायचो. हिला ठिणगी लागली तर नाव कुणाचं येणार, हे मला गिरणीवरच कळलं होतं. मोटार जाळणारा म्हणून एकदा माझं नाव झालेलं होतं. बाळंतपण झालं, सुजाता महिन्या-दोन महिन्यांची झाली आणि पाऊस पडायच्या आत आम्ही परभणीला आलो. आबा आले नाहीत. म्हणाले, विळा इथंच हाय माझा. मी दुकान बदललं, भाड्याची घरं तीनदा बदलली. तसबीर पुन्हा लावली, पण दारातून दिसणार नाही अशा भिंतीला. सुजातानं एकदा लहानपणी विचारलं होतं की ही अंधारात का लावलीय. मी म्हणालो, उन्हानं रंग उडतो.

तर यंदाची गोष्ट. सुजाताची गाडी पहिल्यांदा दुकानासमोर उभी राहिली तेव्हा मी सवयीनं वाकून खाली बघितलं. मोटारीला खालून काळं प्लास्टिकचं झाकण होतं. सुबक, नीट बसवलेलं, चिखल उडू नये म्हणून. मागं हवेसाठी बोटभर फट ठेवली होती. झरीच्या रस्त्याची काळी माती तिथं बसून फट लिंपल्यासारखी झाली होती.  पोतंच होतं ते.

"कुणी केलंय हे झाकण?" मी विचारलं.

"आमच्या सरांनी. त्यांची स्वतःची कल्पना आहे. फार जपतात ते त्याला."

मी उठून उभा राहिलो. "छान आहे गाडी," म्हणालो. आणि आठ दिवस गप्प राहिलो. लाल रेघ चढायची, पोर टोपण चावायची, रात्री नीट जेवायची नाही, आणि मी शेजारी बसून तार भरायचो. साहेबाची वस्तू. माझ्या पोरीची नोकरी. एकदा तर मी तिला म्हणालो, "मोटार थंड ठेवायला पाहिजे बघ." स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला घाम फुटला. ती हसून म्हणाली, "तेच तर करायलेय मी, बाबा."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती दुपारीच दुकानात आली. हाताला माती, केसांत माती. तिनं साहेबांना फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलायला लागली.

"सर, मोटारीत काही दोष नाही. तुमच्या झाकणामुळं तापतेय."

मी उठलोच. दोन्ही हातांनी तिला गप्प बस म्हणून खुणावलं. तिनं माझ्याकडं बघितलं, तिला काही कळलं नाही. फोनमध्ये शांतता होती. तशी शांतता मी एकदाच ऐकली होती, पाटातलं पाणी ओसरताना.  मी टेबलाची कड धरली आणि माझ्या नकळत मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार.

"झाकण काढून एक फेरी मारून बघ," फोनमधून आवाज आला.

"सकाळीच मारली सर. रेघ खाली आली. हवेची फट मातीनं बंद होते."

"अच्छा. मग तिथं जाळी देऊ, आणि फट वरच्या बाजूला घेऊ. फोटो पाठव."

"पाठवते."

झालं. फोन बंद. तिनं ताटलीतले चार शेंगदाणे तोंडात टाकले आणि हात पुसायला फडकं शोधायला लागली. माझा हात अजून टेबलाच्या कडेवरच होता. तो सुटत नव्हता.

"बाबा, घाम का आलाय तुम्हाला?"

"काही नाही."

ती जवळ आली. इंजिनिअर आहे, बघितलेलं विसरत नाही. "पहिल्या दिवशी तुम्ही वाकून बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग बोलला का नाहीत? आठ दिवस!"

काहीतरी सांगायचं म्हणून तोंड उघडलं. वय झालं, नजर कमी झाली, तुमच्या नव्या गाड्यांतलं मला काय कळतं, अशी बरीच उत्तरं तयार होती. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"आक्काचं नाव निघालं असतं," मी म्हणालो.

"कोण आक्का?" सुजातानं विचारलं.

मी सवयीनं आधी दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि सांगायला बसलो.